पिवळं ढेकूळ

"हात पुढं कर."

मी हात पुढं केला.

"पालथा नाही. उताणा."

मी उताणा करायच्या आधीच ओव्हरसियरनं लाकडी फूटपट्टीचं टोक माझ्या हाताखाली सारलं आणि तव्यावरची भाकरी उलथावी तसा माझा हात उलथला. बोट लावलं नाही. आम्ही मांगवाड्यातले. सरकारी कामावर शिवाशिव नसते, असं तो स्वतःच म्हणायचा. पण फूटपट्टी त्याच्या हातातून सुटत नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ. दिंद्रुडच्या अंगाला आमचं गाव. गावाच्या वरच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. काम घेतलं होतं मजूर सहकारी संस्थेनं. संस्थेचे चेअरमन गावचे पाटील. त्यांच्या हातात फावडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तरी संस्था मजुरांची आणि चेअरमन ते. ओव्हरसियरच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. माझ्या मागं रांग होती, पार बाभळीच्या झाडापर्यंत.

ओव्हरसियर फूटपट्टीच्या टोकानं माझ्या तळहातावर घट्टे शोधत होता. घट्टे असले की खरा मजूर. नसले की फुकट खायला आलेला. मी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून नुकताच मॅट्रिक झालो होतो. हातावर घट्टे नव्हते. बोटाला शाईचा डाग होता.

"ह्याला भूक नाही," तो म्हणाला. "हा सुकडीसाठी आलाय." सुकडी म्हणजे कामावर मजुरांना द्रोणात मिळणारं गोड, भरड पीठ.

चेअरमन हसले. "शिकून हात बाईवाणी झाले की बे तुझे! बांगड्या भराव्या का?"

रांगेतली माणसंही हसली. माझ्या पुढं माझी आई होती. तिचे हात बघून झाले होते. ती पास झाली होती. तिनं मान खाली घातली.

दोन दिवसांत माझ्या पोटात मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, कण्यांचं पाणी तेवढं गेलं होतं. ते हातावर दिसत नव्हतं.

हा प्रसंग मी पन्नास वर्षं सांगत आलो. सभांत सांगितला, लग्नाच्या मांडवात सांगितला, शाळेतल्या पोरांना सांगितला. लोक हळहळतात. तो खरा आहे, त्यात एक शब्द वाढवलेला नाही. पण तो सांगून मी त्याच्या पुढचं झाकत आलो. ज्याचा अपमान झाला तो माणूस म्हणून मला लोक ओळखतात. ज्यानं केला तो म्हणून ओळखत नाहीत. आता माझं वय त्र्याहत्तर आहे. थकलो आहे. झाकायलाही ताकद लागते.

म्हणून पुढचं लिहितो.

रांगेतून हाकलायच्या ऐवजी चेअरमननी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "मॅट्रिक हाय म्हनतोस, तर मापं घे. टिकाव तुला झेपायचा न्हाई." दुसऱ्या दिवसापासून मी टेप घेऊन सावलीत आणि आई पाटी घेऊन उन्हात.

मापाचं काम असं होतं. पाच माणसांची एक टोळी. टोळीला एक खड्डा. खड्डा खणताना मधोमध मूळ जमिनीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा. त्याच्या माथ्यावरचं वाळलं गवत, कुसळंसुद्धा तशीच ठेवायची. तो खांब किती उंच, त्यावरून खड्डा किती खोल गेला ते कळायचं. त्याला साक्ष म्हणायचे. माप घेऊन झालं की साक्ष पाडायची. त्याआधी तिला हात लावायचा नाही. हात लावला तर चोरी. खांबाच्या माथ्यावर एखादं ढेकूळ बसवलं की खड्डा वीतभर जास्त खोल दिसतो. अशी लबाडी मजूर करतात, असं ओव्हरसियर रोज सांगायचा. आमच्या तलावावर ती एकदाच झाली. ती मी केली.

ओव्हरसियर पुण्याकडचा. मनानं वाईट नव्हता. उन्हात फिरायचा, बायकांवर ओरडायचा नाही. पण त्याच्याजवळ तपकिरी पुठ्ठ्याचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्याचे आजोबा इंग्रजांच्या हाताखाली नोकरीला होते, त्यांचं ते पुस्तक. दुष्काळात कामं कशी काढावीत, मजूर कसा पारखावा, हे सगळं त्यात होतं. एकदा त्यानं मला पत्र्याच्या पाटीवर रंगानं एक वाक्य लिहायला लावलं. पुस्तकात बघून तो मराठीत सांगत गेला.

"लिही. काम मागणाऱ्याची गरज खरी की खोटी, हे त्याला लांब पाठवल्यावर आणि अवघड काम दिल्यावर कळतं."

मी म्हणालो, "साहेब, लांब कावून? लोक उपाशी हायत, डोळ्याला दिसतंय की."

"डोळ्याला दिसतं त्यावर राज्य चालत नाही. काम सोपं केलं की आळशी जमतात. इंग्रजांनी एवढे दुष्काळ हाताळले, त्यांना काय कळत नव्हतं?"

मी पाटी रंगवली. माझं अक्षर चांगलं होतं. ओव्हरसियर म्हणाला, "वा." त्या 'वा'चं मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पुढं कळलं की सरकारचा नवा हुकूम वेगळा होता. गावाजवळ काम द्या, मागेल त्याला द्या, असं सांगितलं जात होतं. पण हुकूम कागदावर आणि तपकिरी पुस्तक डोक्यात. डोक्यातलं जास्त टिकलं.

आमच्याकडं गोऱ्या साहेबाचं राज्य थेट कधी नव्हतं. सीना नदीच्या पलीकडं इंग्रजी, अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. आम्ही मोगलाईतले. पण माझा आजा तरणा असताना एका दुष्काळात सीना ओलांडून इंग्रजी मुलखात खडी फोडायला गेला होता. त्यानं साहेब बघितला होता. घोड्यावर बसलेला, खाली न उतरणारा. आज्याला त्याच्याबद्दल विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "साहेब खड्डा बघायचा. मानूस न्हाई."

आता त्या दिवसाचं.

मृग जवळ आला होता. मोठे साहेब तलाव बघायला येणार होते. कागदावर जेवढी माती खणलेली होती तेवढी बांधावर दिसत नव्हती. कारण मला ठाऊक होतं. चेअरमननी दोन टोळ्या बरेच दिवस स्वतःच्या रानात ताली, म्हणजे बांध, घालायला आणि विहिरीचा गाळ काढायला नेल्या होत्या. त्यांची मापं मी तलावावर दाखवली होती. ओव्हरसियरलाही माहीत असावं. तो त्या दिवशी सकाळपासून पुस्तकात मान घालून बसला होता.

बायका सुकडीच्या रांगेला गेल्या होत्या. चेअरमन माझ्याजवळ आले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मोठे साहेब तिसऱ्या प्रहरी येत्यात. माती कमी कावून, म्हनून इचारतील. काय सांगशील?"

मी टेप गुंडाळू लागलो.

"मजुरांनी साक्षी वाढवल्या, असं सांगायचं. एक तरी दाखवाय लागंल."

"कुनाची?" मी विचारलं.

नाही म्हणालो नाही. कुणाची, असं विचारलं. पन्नास वर्षं तो शब्द मी तोंडात घोळवतो आहे.

"तुमच्या वाड्यातल्या बायांची. लगीच पटतंय." मग हसून म्हणाले, "दोन टोळ्या हायत. एक तुझ्या आयची, एक सरूची. कुनाची घ्यायची ते तुझं तू ठरव. आनि दुष्काळ सरल्यावर संस्थेला कारकून लागनारच हाय. तुझ्यावाणी मॅट्रिक दुसरा कोन हाय गावात?"

सरू म्हणजे सरूमावशी. माझ्या आईची मावसबहीण. नवरा आदल्या साली गेलेला, मूल कडेवर. वसतिगृहातून मी सुटीला यायचो तेव्हा तिच्या घरी आधी जेवायचो, मग आमच्या. तिच्या टोळीत पाच बायका. खड्डा काळ्या मातीत. सरळ कडा, नितळ तळ. मापाला गेलं की मन खूश व्हावं असा खड्डा.

मी ढेकूळ शोधायला गेलो. वरच्या अंगाला मुरुमाचा खड्डा होता, तिथलं एक चपटं, मोठं ढेकूळ उचललं. दोन्ही हातांनी. साक्षीच्या माथ्यावरचं गवत उपटलं, पाणी मारलं, ढेकूळ दाबून बसवलं, वर पुन्हा गवत पसरलं. घाईत होतो. मातीचं काम मला कधी जमलंच नव्हतं. हातांना माती लागली ती त्या कामावर पहिल्यांदा.

मोठे साहेब जीपमधून आले. आपलेच, काळे. पण आज्यानं सांगितला होता तसेच. दोन-चार खड्डे लांबून बघितले. माती कमी का, म्हणून चिडले. चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो आणि त्यांना सरूमावशीच्या खड्ड्यावर घेऊन गेलो. म्हणालो, "हे बघा साहेब."

त्यांनी हातातल्या काठीनं साक्षीचं डोकं ढोसलं. ढेकूळ सुटून खाली पडलं.

"चोर," ते म्हणाले. "खायला देतो तर चोरी करतात."

बायका सुकडीचे द्रोण हातात घेऊन उभ्या होत्या. सरूमावशीनं द्रोण खाली ठेवला. खड्ड्यात उतरली. ढेकूळ उचललं, हातानं फोडलं आणि माती तळहातावर घेऊन साहेबांपुढं धरली.

"साहेब, ही आमच्या खड्ड्यातली न्हाई. आमची माती काळी हाय. ही पिवळी हाय. बघा की."

सगळ्यांनी बघितलं. काळ्या खड्ड्याच्या तळावर पिवळी माती हळद सांडल्यासारखी दिसत होती. शेतात जन्मलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? जमलेल्या शंभर माणसांना त्या क्षणी कळलं की ढेकूळ बाहेरून आणलंय. चेअरमनना कळलं. ओव्हरसियरला कळलं. एका मोठ्या साहेबांनाच कळलं नाही, कारण ते तिच्या हाताकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

"मोजणीवाला काय म्हणतो?"

मी म्हणालो, "माती कुठलीबी असती, साहेब."

सरूमावशीनं माती फेकली नाही. हळूच खाली ठेवली, हात लुगड्याला पुसला. माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं बाबा."

बस्स. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात ठराव झाला. पाच बायकांनी साक्ष वाढवून संस्थेची फसवणूक केली, म्हणून त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. अक्षर माझं. पाटीवर होतं तसंच चांगलं. त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरूर कासारच्या पुढं, खडी फोडायच्या कामावर जायला सांगितलं. ओव्हरसियर म्हणाला, "गरज खरी असेल तर जातील."

त्या गेल्या. चालत गेल्या. पोरं कडेवर, गाडगी डोक्यावर. म्हणजे पुस्तकाप्रमाणे त्यांची गरज खरी ठरली. पण त्यांचा खरेपणा कुणी ठरावात लिहिला नाही.

पावसाळ्यानंतर त्या परत आल्या. खडी फोडताना सरूमावशीच्या डाव्या डोळ्यात कपची गेली होती. तो डोळा गेला.

मला संस्थेत कारकुनी मिळाली. पुढं सचिव झालो. तीस वर्षं. घर बांधलं, पोरं शिकवली. आणि सरूमावशीच्या घराला गावानं नाव दिलं. ढेकळे. पोरगं शाळेत गेलं तर मास्तर हजेरीला आडनाव विसरायचे आणि पोरं ओरडायची, "ढेकळे हजर हाय!" सोयरीक जमवताना समोरचे हळूच विचारायचे, ते ढेकळवालेच का. गंमत म्हणून सुरू झालं. गंमत म्हणूनच टिकलं. ज्या शंभर माणसांनी पिवळी माती पाहिली होती, त्यांच्याच घरांत हे नाव चाललं. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून काय होतं?

सरूमावशी मला कधी टाळायची नाही. रस्त्यात भेटली की चांगल्या डोळ्यानं वर बघायची आणि मोठ्यानं म्हणायची, "काय मोजणीसाहेब, आज कुनाचं माप?" आजूबाजूचे हसायचे. त्यांना वाटायचं, भाच्याची थट्टा करतीय. मीही हसायचो. मग दिवसभर काम सुचायचं नाही.

ती गेली तेव्हा तिच्या मातीला मी गेलो होतो. प्रत्येकानं मूठभर माती टाकली. मी लांब उभा राहिलो. माझी आई तेव्हा होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. दोन टोळ्यांपैकी कुणाची साक्ष घ्यायची हे मला ठरवायला सांगितलं होतं, ते मी आईला कधीच सांगितलं नाही. तिला कळलं असावं. त्यानंतर मरेपर्यंत तिनं माझ्या पैशानं घेतलेलं लुगडं नेसलं नाही. जुनी जोडून नेसायची.

सेवानिवृत्तीनंतर मोतीबिंदूसाठी अंबाजोगाईला राहावं लागलं. दोन डोळ्यांचं वेगवेगळं. मधले दिवस मुलीकडं काढले. करमायचं नाही म्हणून वाचनालयात जाऊन बसायचो. तिथं दुष्काळांच्या इतिहासाचं एक पुस्तक हाती लागलं. वाचता वाचता एका पानावर थांबलो. पुन्हा वाचलं. लांबचं अंतर, अवघड काम, जीव जाणार नाही एवढंच अन्न. पत्र्याच्या पाटीवर मी रंगानं लिहिलं होतं तेच. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी ठरवलेलं.

का ठरवलं, तेही त्या पुस्तकात होतं. त्यांना त्यांच्या गिरण्यांसाठी कापूस पाहिजे होता. जिथं ज्वारी व्हायची तिथं कापूस आला. रेल्वे आली. ती दुष्काळात धान्य आणेल असं सांगितलं होतं. ती धान्य घेऊन बंदराकडं जाऊ लागली. माणसं मरत होती आणि गाड्या भरून जात होत्या. गाड्या अडवायच्या नव्हत्या, कारण व्यापारात हात घालायचा नाही हा त्यांचा धर्म. मग उरला उपाशी माणूस. तो डोळ्यांसमोर होता, त्याचं काय करायचं? त्याच्यावर संशय घ्यायचा. भूक खरी की खोटी, हे त्यानं सिद्ध करायचं. ज्यानं धान्य नेलं त्याचं माप कुणी घ्यायचं नाही. ज्याचं गेलं त्याचं रोज घ्यायचं.

मोगलाईत साहेब आला नाही, पण त्याची ही सवय नदी ओलांडून आली. साहेब गेला. सवय राहिली. पाटलाला ती आयती मिळाली. पाटलाकडं ती आधी नव्हती असं मी म्हणत नाही. आमच्या सावलीचा विटाळ साहेबानं नाही शिकवला. पण साहेबानं त्या जुन्या संशयाला टेप दिली, रकाने दिले, ठराव दिला. सहकारी संस्थेचा कायदाही मूळ त्याच्याच काळातला. गरिबांनी एकत्र यावं म्हणून केलेला. आमच्या गावात त्याचं काय झालं ते मी तीस वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलं.

हे कळलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे दोष माझा नाही. इतिहासाचा आहे. आठ दिवस मी त्या आनंदात होतो. मग एके दुपारी वाचनालयात बसलो असताना आठवलं, की पुस्तक इंग्रजांचं होतं, हुकूम पाटलाचा होता, पण वरच्या खड्ड्यातून ढेकूळ उचलणारे दोन हात कुणाचे होते? साहेबाच्या माथी मारून तेवढं सुटत नाही.

तरीही गावी आलो आणि गप्पच राहिलो. म्हातारा झालोय, कशाला उकरायचं. अशी दहा वर्षं गेली.

गेल्या वर्षी संस्थेची सर्वसाधारण सभा झाली. आता चेअरमन म्हणजे त्या चेअरमनांचा मुलगा. मी व्यासपीठावर, ज्येष्ठ म्हणून. सभेत बबन उठला. सरूमावशीचा नातू, जेसीबी चालवतो. गायरानात संस्थेनं खणलेलं शेततळं कागदावर आहे तेवढं खोल नाही, असं तो म्हणाला. "माझ्याच यंत्रानं खनलंय. मला ठाव हाय. टेप लावा सगळ्यांम्होरं."

चेअरमन माइकवर म्हणाले, "ए ढेकळ्या, खाली बस. मापाचं तुमच्या घरानं बोलू ने."

सभा हसली. मोठ्यानं. बबन उभाच होता. त्यानं व्यासपीठावर माझ्याकडं पाहिलं. आणि माझा चेहरा हसत होता. मी हसलो नव्हतो, चेहरा हसला. इतक्या वर्षांची सवय. तो खाली बसला. शेततळ्याचा विषय तिथंच मिटला.

तेव्हा कळलं की ही जुनी गोष्ट नाही. माझं ढेकूळ अजून काम करतंय. त्या दिवशी पाच बायका कामावरून गेल्या, एवढंच मी धरून चाललो होतो. पण त्यानंतर त्या घरातलं कुणीही खरं बोलायला उठलं की माझं वाक्य त्याच्याआधी उठतं. माती कुठलीबी असती.

यंदा संस्थेची स्मरणिका निघते आहे. महिन्यापूर्वी चेअरमन घरी आले. पेढे आणले होते. माझ्या नावानं टाइप केलेलं एक पान दिलं, 'दुष्काळातील आठवणी' म्हणून. फूटपट्टीचा प्रसंग त्यात होता, भारी शब्दांत. खाली एक ओळ. काही मजुरांनी साक्षी वाढवून संस्थेला फसवण्याचा प्रयत्न केला, तरी संस्थेनं काम नेटानं तडीस नेलं.

"तात्या, सही तेवढी करा. शाल-नारळ हाय सभेत तुम्हाला."

"ही ओळ काढा."

"अवो, कुनाचं नाव थोडंच घेतलंय? जुनी गोष्ट हाय."

"नाव गावाला पाठ हाय."

ते हसले. "तात्या, लिवलंय कुनी? तुम्हीच ना. अक्षर तुमचं हाय प्रोसिडिंगला. आमी काय घरचं घातलंय का?"

खरं होतं. म्हणून मला राग आला नाही. मी म्हणालो, "अक्षर माझं हाय. म्हणूनच सही करीत न्हाई. ते ढेकूळ मी ठेवलं होतं. तुमच्या वडलांनी सांगितलं, मी ठेवलं."

त्यांनी टाइप केलेलं पान घडी करून घेतलं. मग उठताना आवाज खाली घेऊन म्हणाले, "वय झालंय तुमचं. कायबी आठवतंय. तुमचा पोरगा संस्थेत नोकरीला हाय, तेवढं ध्यानात असू द्या." पेढे तिथंच राहिले. मी ते कुणाला खाऊ दिले नाहीत.

मुलाला सगळं सांगितलं. तो संतापला. म्हणाला, "आमच्या जन्माआधीचं तुमी आमच्या अंगावर कावून आणता?" त्याचं म्हणणं खोटं नाही. बबनही तेच म्हणू शकतो.

मग बबनकडं गेलो. तो यंत्राला ग्रीस लावत होता. उभ्यानंच सगळं सांगितलं. ढेकूळ, मुरुमाचा खड्डा, चेअरमन, आई, सगळं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"तात्या, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाव हाय. आजी सांगायची. नाव नव्हती घेत, पन सांगायची. तुमी मला कावून सांगाया आलाव? मी का तुमच्यावर केस केली होती?"

मी म्हणालो, "माफी..."

"ती आजीकडं होती. ती गेली की." त्यानं फडक्यानं हात पुसले. "इथं कानात सांगून काय व्हतंय? हसताना सगळी सभा हसली. सांगायचं तर तिथं सांगा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, आमी काय मरत न्हाई."

चहा विचारला नाही. मी परत आलो.

सभा येत्या सोमवारी आहे. मी संस्थेकडं लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. अर्जात दोनच मागण्या आहेत. पहिली, दुष्काळातला तो ठराव रद्द करावा आणि त्या पाच बायकांची नावं सभेत वाचावीत. सरूबाई, केराबाई, अनुसया, गऊबाई, शेवंता. फसवणूक कुणी केली या जागी एकच नाव लिहावं, माझं. ते मी स्वतः सांगीन, हुद्द्यासकट. दुसरी, गायरानातल्या शेततळ्याचं माप त्याच दिवशी सगळ्यांसमोर घ्यावं. टेप बबनच्या हातात द्यावी.

मुलाची नोकरी जाईल कदाचित. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं आहे. बबन मला माफ करणार नाही, आणि मीही आता कुणाकडं ते मागणार नाही. गाव म्हणेल म्हातारा चळला. म्हणू दे.

संस्थेला आणि सभेला आधीच सांगून ठेवतो. शाल नको. सत्कार नको. माझा विषय पुढच्या सभेवर ढकलू नका. मला पुढची सभा असेलच असं नाही. माइक बंद केलात तर मी खाली बसणार नाही. गुडघे दुखतात, तरी उभा राहीन. तुम्ही प्रोसिडिंग बुक उघडेपर्यंत उभा राहीन.